जेएआयआयबीचे चार पेपर एकाच खेपेला द्यावेत की दोन-दोन? (नोकरी आणि घर सांभाळून)

वाळपई_काउंटर

नमस्कार मंडळी. मी वाळपईला एका बँकेच्या शाखेत काउंटरवर आहे, सहा वर्षे झाली. राहते डिचोलीत. सकाळची कदंब, म्हणजे गोव्याची सरकारी बस, धरून साखळीमार्गे जाते आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकेपर्यंत सात वाजतात. मुलगी साडेचार वर्षांची. नवरा वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात पाळीवर असतो. त्याची रात्रपाळी असली की घर मी आणि सासूबाई मिळून ओढतो.

यंदा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या खेपेला जेएआयआयबीला, म्हणजे बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेला, बसायचे पक्के केले आहे. वेतनवाढ हे कारण आहेच, पण खरे कारण दुसरे. मागच्या महिन्यात एक आजी चेक परत आला म्हणून माझ्यासमोर उभ्या होत्या. किती दिवसांत नोटीस द्यायची, एवढेच त्यांनी विचारले आणि मला उठून आत विचारायला जावे लागले. सहा वर्षे त्या खुर्चीवर बसून मला ते ठाऊक नव्हते. फार लागले मनाला.

साहेब म्हणतात चारही पेपर एकदम दे. पण त्यांनी परीक्षा दिली तेव्हा तीनच पेपर होते, २०२३ पासून चार झाले. माझ्या शेजारच्या काउंटरवरचा मुलगा म्हणतो, दोन-दोन दे, डोके शांत राहील. मी बी.ए. आहे, इतिहास घेऊन. अकाउंट्सचा, म्हणजे एएफएमचा, पेपर उघडला की छातीत धडधडते. त्यात मध्ये चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. आम्ही पाच दिवस केरीच्या मूळ घरी जातो. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधण्यापासून पंचवीस माणसांच्या जेवणापर्यंत सुनांना बसायला सवड नसते.

ज्यांनी नोकरी करता करता दिली आहे त्यांनी कृपया स्वतःचा अनुभव सांगा. चारही द्यावेत का? आणि हिशेब न शिकलेल्या माणसाने एएफएमला हात कुठून घालावा?

म्हापशाची_शेजारीण

ताई, चारही द्या. मी दोन-दोनच्या वाटेने गेले आणि दीड वर्ष घालवले, म्हणून सांगते.

पहिल्या खेपेला सोपे वाटले म्हणून पीपीबी (बँकिंगची तत्त्वे आणि व्यवहार) आणि आरबीडब्ल्यूएम (रिटेल बँकिंग आणि संपत्ती व्यवस्थापन) या दोनच पेपरना बसले. पीपीबीत ५८, आरबीडब्ल्यूएमला ४७. पास व्हायला प्रत्येक पेपरात ५० लागतात, त्यामुळे तो राहिला. पण नियमात दुसरी एक वाट आहे. सगळे पेपर एकाच खेपेत दिले, प्रत्येकात किमान ४५ मिळाले आणि सगळ्यांची मिळून सरासरी ५० झाली, तर परीक्षा पास. म्हणजे चारही दिले असते आणि एकूण २०० गाठले असते, तर माझे ते ४७ चालले असते. दोनच देऊन मी ती वाट स्वतःच्या हाताने बंद केली. पुढच्या खेपेला अर्थव्यवस्थेचा पेपर आणि आरबीडब्ल्यूएम सुटले, एएफएमला ४४. तिसऱ्या खेपेला एकट्या एएफएमसाठी पुन्हा सगळा घाट. सुटलेले पेपर मुदतीपर्यंत धरले जातात हे खरे, पण दर सहा महिन्यांनी घरात 'आईची परीक्षा आहे' हे वातावरण पुन्हा उभे करायचे, हे मला अभ्यासापेक्षा जड गेले.

आता कसे करायचे ते. पुस्तके चार दिसतात, पण ओझे चार पेपरांचे नाही. पीपीबी आणि आरबीडब्ल्यूएम एकमेकांत बरेच मिसळलेले आहेत. केवायसी, खात्यांचे प्रकार, कर्जांचे प्रकार, ग्राहकसेवा हे सगळे तुम्ही रोज हाताळता. ९० दिवस हप्ता थकला की खाते एनपीए (बुडीत धोक्यातले कर्ज), ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा, प्राधान्य क्षेत्राला (शेती, छोटे उद्योग वगैरे) ४० टक्के कर्जे, हे तुमच्या कानांवरून गेलेले आहे, फक्त नेमके करायचे आहे. अर्थव्यवस्थेचा पेपर वाचनाचा. तुम्ही इतिहासाच्या, तुम्हाला तो आवडेल. १९३५ साली रिझर्व्ह बँक, १९६९ ला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण, १९८० ला आणखी ६, १९८२ ला नाबार्ड, १९९१ ची नरसिंहम समिती; एकामागून एक असे का घडत गेले ही गोष्ट म्हणून वाचा. हा पेपर कदंबमध्ये होतो. माझा निम्मा अभ्यास म्हापसा-पणजी बसमध्ये झाला.

एएफएम मात्र बसमध्ये होत नाही. त्याला टेबल, कागद, पेन्सिल लागते. आजपासून परीक्षेपर्यंत रोज ४० मिनिटे फक्त एएफएम, मग बाकीच्यांचे काहीही होवो. मी तो शेवटच्या महिन्यावर ठेवला होता, तिथेच चुकले. मुलीला झोपवल्यावर डोळे मिटतात, म्हणून मी पहाटे पाचला उठायचे. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की वही बंद.

एक छोटी युक्ती देते. हप्त्याच्या गणितात १.०१ चा बारावा घात काढायचा असतो. घरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर १.०१ दाबा, गुणाकाराचे चिन्ह दाबा आणि मग बरोबरचे बटण ११ वेळा. बहुतेक कॅल्क्युलेटरवर १.१२६८२५ येते. आता १ लाखाचे कर्ज, १२ टक्के व्याज (महिन्याला १ टक्का), १२ महिने: १ लाख गुणिले ०.०१ गुणिले १.१२६८२५, भागिले ०.१२६८२५. हप्ता ८,८८५ रुपये. हे एकदा हाताने जमले की वार्षिकी, वर्तमान मूल्य, रोख्याचे उत्पन्न ही सगळी त्याचीच भावंडे आहेत.

आणि त्या आजींचे उत्तर: चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. नाही दिले तर त्यापुढे एका महिन्यात तक्रार. १८८१ चा कायदा, कलम १३८.

पेडण्याचा_रात्रपाळीवाला

शेजारीणताईंचे गणित बरोबर आहे, पण ताई, एक बाजू माझीही ऐका. मी चारही एकदम दिले होते. त्या वर्षी बाबांचे डायलिसिस सुरू झाले, आठवड्यातून दोनदा त्यांना घेऊन जायचो. निकाल: ४६, ४१, ३८, ४४. एकही सुटला नाही. ४५ ची ती सवलत चारही पेपर ४५ च्या वर नेऊ शकणाऱ्याला आहे. एक जरी ४१ वर अडकला तर ५० च्या खालचे बाकीचेही गेले.

पुढच्या खेपेला पीपीबी आणि अर्थव्यवस्था, त्याच्या पुढच्या खेपेला उरलेले दोन, असे दिले आणि सुटलो. मला लाज वाटली नाही, उलट श्वास घेता आला. तेव्हा आधी घरचे बघा. घरात कुणी आजारी नसेल, सासूबाईंची साथ असेल, तर चारही द्या. त्यातले काही बिघडले तर दोनवर यायला मन तयार ठेवा.

पेपर वेगवेगळ्या दिवशी असतात, बहुतेक शनिवार-रविवारी, दोन-तीन आठवड्यांत पसरलेले. मधल्या दिवसांची रजा आत्ताच साहेबांशी बोलून ठेवा. मी ऐन वेळी मागितली, तर शाखेत आधीच दोघे दिवाळीच्या रजेवर होते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. २ तास संपत आले तरी मी सात प्रश्न तसेच ठेवले होते. त्याची हळहळ अजून आहे.

निवृत्त_हिशेबनीस

बाय, तू मराठी प्राथमिक शाळेत शिकलेली दिसतेस, पाचवीपासून इंग्रजी. मीही तसाच. एएफएमची धास्ती बऱ्याचदा हिशेबाची नसून शब्दांची असते. जर्नल म्हणजे रोजकीर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, डेप्रिसिएशन म्हणजे घसारा. आमच्या आजोबांच्या दुकानात हे शब्द घरचे होते. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही भाषांत लिहून काढ.

नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) तू रोज करतेस, फक्त कुणाच्या वहीत ते लक्षात घे. ग्राहकाने काउंटरवर ५,००० रुपये भरले. बँकेची रोकड वाढली, रोकड ही मालमत्ता, म्हणून ती नावे. त्याच वेळी बँक ग्राहकाला ५,००० देणे लागू लागली, ते दायित्व, म्हणून ग्राहकाचे खाते जमा. पासबुकात 'क्रेडिट' छापून येते ते यामुळे. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे. ग्राहक दुकानदार असेल तर त्याच्या स्वतःच्या वहीत तेच ५,००० बँकेच्या खात्यावर नावे दिसतील. एवढे डोक्यात बसले की बँक जुळवणी पत्रक आपोआप उलगडते. दोन वह्या आरशासारख्या समोरासमोर धरायच्या आणि फरक कुठे पडला ते शोधायचे.

घसाऱ्याचे दोन प्रकार असे बघ. १ लाखाचे यंत्र, १० टक्के. सरळ रेषेच्या पद्धतीत दरवर्षी १०,०००. घटत्या मूल्याच्या पद्धतीत पहिल्या वर्षी १०,०००, मग ९,०००, मग ८,१००, कारण टक्केवारी उरलेल्या किमतीवर.

करांचा भागही एएफएममध्ये आहे. तिथे पुस्तकाबाहेरची एक गोष्ट सांगतो, कारण ती तुझ्या काउंटरवर येते. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे आपल्याकडे लग्नानंतर नवरा-बायकोची मिळकत सहसा सामाईक असते. १९६१ च्या आयकर कायद्यात त्यासाठी कलम ५अ होते. पगार सोडून इतर उत्पन्न, ठेवीचे व्याजसुद्धा, दोघांच्या विवरणपत्रांत निम्मे-निम्मे दाखवायचे. घरावर कर्ज देताना आपण दोघांच्या सह्या का मागतो, त्याचेही मूळ इथेच. परीक्षेत विचारतील असे मी म्हणत नाही. पण गोव्यात बँकेत बसणाऱ्याला हे ठाऊक हवे, असे मला मनापासून वाटते.

चारही दे. अडलीस तर इथे विचार, मी रोज सकाळी बघतो.

वाळपई_काउंटर

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा ५,००० रुपयांचा दाखला काल काउंटरवर बसल्या बसल्या दहा व्हाउचरांवर लावून पाहिला. दहाही बरोबर आले. सहा वर्षे बोटे करत होती ते आता डोक्याला कळले. शेजारीणताई, १.०१ चे गणित नवऱ्याने करून पाहिले आणि आता रविवारी माझी गणिते तपासायला बसणार आहे. त्याचे गणित माझ्यापेक्षा चांगले.

ठरवले आहे: चारही देणार. पहाटे पाच ते पावणेसहा एएफएम. जाताना बसमध्ये अर्थव्यवस्था, येताना डोळे मिटून सकाळचे आठवायचे, कारण पावसात त्या वेळी बसमध्ये पुरेसा उजेड नसतो. पीपीबी आणि आरबीडब्ल्यूएम शनिवार-रविवारी एकत्र. चवथीचे पाच दिवस पुस्तक नेणार नाही, फक्त काकांचे ते दोन भाषांचे पान चुलीजवळ चिकटवणार. सासूबाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, पंचवीस माणसांचे मी बघते, तू त्या आठवड्यात पहाटेचे चुकवू नकोस. दादा, रजेचा अर्जही आजच लिहिला. तुमचे बाबा आता कसे आहेत?

त्या आजी मंगळवारी येणार आहेत. ३० दिवसांतले १९ गेले आहेत, त्यांना वकिलाकडे वेळेत पाठवते. आणि काका, एक अडले आहे: तेरीज जुळली तरी चूक राहू शकते असे पुस्तकात लिहिले आहे. ती कशी?

निवृत्त_हिशेबनीस

चांगला प्रश्न विचारलास. समज, सावंतांच्या खात्यात जमा करायचे ५०० तू गावसांच्या खात्यात जमा केलेस. नावेची बाजू ५००, जमेची बाजू ५००, तेरीज जुळली. सावंत मात्र सकाळी दारात उभे. अशा चुकांचे आणखीही प्रकार असतात, ते आज तू शोध आणि इथे लिही. रात्री बघतो.