बचत गटामुळे तुमच्या घरात काय बदललं? अनुभव लिहा

काल बँकेत रांगेत पुढे गटाच्या बायका होत्या, अध्यक्ष सचिव दोघी, ठरावाचं रजिस्टर छातीशी धरून. आईची फार आठवण आली. आईला वाचता येत नव्हतं पण बैठकीत हिशेब वाचून दाखवायचे ना, तो सगळा तिला तोंडपाठ, कोणाचा किती हप्ता राहिलाय, कोणी व्याज भरलं. सचिव चुकली की तिथेच थांबवायची. आणि ह्याच बाईला घरात पैशाचा विषय निघाला की चहा ठेव म्हणून आत पाठवायचे! पुढे जमिनीचं गहाण तिनेच सोडवलं, गटातून कर्ज घेऊन. तुमच्याकडचं लिहा, चांगलं वाईट दोन्ही.

–

वाचून भरून आलं ताई. आमच्याकडे सासूबाई होत्या गटात. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता पोरांचे डबे.

–

मी सीआरपी, म्हणजे गावोगावच्या गटांना मदत करणारी कार्यकर्ती, म्हणून काम केलंय बरीच वर्षं. अधिकारी आले की पहिला प्रश्न, कर्ज घेऊन व्यवसाय काय सुरू केला? अहो सुरुवातीचं अंतर्गत कर्ज, म्हणजे गटाच्याच बचतीतून घेतलेलं, जातं दवाखान्याला, पोरांच्या फीला आणि सावकाराचं देणं फेडायला. माझ्या मते सावकार सुटला हीच सगळ्यात मोठी कमाई, कारण त्याचं व्याज थांबलं की मग कुठे हातात चार पैसे उरतात आणि शिलाई मशीन म्हणा, शेळी म्हणा, ते सुचतं तरी. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या बँकेने, १९९२ ला गट बँकेला जोडायला सुरुवात केली. गटाची पंचसूत्री आहे, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. यातली बैठक बंद पडली की बाकीच्या चारही गेल्या समजा. मी बघितलेत असे गट, कर्ज मिळेपर्यंत जमतात नंतर कोणी फिरकत नाही.

–

गट वेगळा आणि मायक्रोफायनान्सचा, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीचा ग्रुप वेगळा हे कृपा करून सगळ्यांनी लक्षात घ्या. गटात आपलीच बचत फिरते, व्याज गटातच राहतं. तिकडे कंपनीचा माणूस दर आठवड्याला दारात, एकीने नाही भरलं तर बाकीच्यांनी भरायचं. माझ्या बहिणीच्या ग्रुपमधली एक जण आजारी पडली, हप्ता थकला, बाकीच्या तिच्या अंथरुणापाशी जाऊन बसल्या वसुलीला. सख्ख्या शेजारणी. अजून बोलत नाहीत एकमेकींशी. याला गरिबी हटवणं नका म्हणू.

–

+१ अगदी खरंय

–

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? आमची आजी ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर होती, पाझर तलावाच्या कामाला. खड्डा मोजून मजुरी. बायकांनी घोळका करून मुकादमाला परत मोजायला लावलं होतं, हे ती शेवटपर्यंत सांगायची. गट वगैरे तेव्हा काही नव्हतं पण एकीने बोलून चालत नाही, सगळ्यांनी मिळून बोलायचं, हे तिथेच शिकली म्हणायची.

–

दादा चालेल काय, लिहाच अजून. आजीला नमस्कार.

–

आम्हाला गटातून शेळ्या मिळाल्या, पण खरा उपयोग झाला तो पशुसखीचा, घरी येऊन लस द्यायची, जंताचं औषध कधी पाजायचं ते सांगायची. ती यायची बंद झाली आणि दोन शेळ्या गेल्या. नुसती वस्तू देऊन निघून जाऊ नका हो, मागे कोणीतरी लागतं विचारायला. बांगलादेशात ब्रॅक नावाच्या संस्थेने २००२ पासून हेच केलं म्हणे, जनावर द्यायचं, काही महिने घरखर्चाला पैसे आणि नेमाने घरी भेट. विमा होता पण मिळाला नाही, शेळीच्या कानातला विम्याच्या नंबरचा बिल्ला पडला होता.

–

अय्यो बिल्ला पडला तर लगेच कळवायचं असतं, नवीन मारून देतात. फोटो काढून ठेवलेला का?

–

नाही ना ताई, कोणी सांगितलंच नाही.

–

आता ज्या आहेत त्यांचे काढा आजच, बिल्ल्याचा नंबर दिसेल असे. आणि मेली तर पुरायच्या आधी पशुवैद्यकाला बोलवायचं, त्यांच्या दाखल्याशिवाय क्लेम पुढे सरकत नाही.