घर आणि अंगणातील डास : आपला अनुभव लिहा

डासांवरील उपायांच्या याद्या पुष्कळ आहेत आणि बहुतेकांना त्या पाठही असतात. परंतु एखाद्या घरातले डास कमी झाले ते नेमके कशामुळे, हे त्या याद्यांतून कळत नाही. म्हणून हा अनुभव-धागा सुरू करीत आहे. आपल्या घराभोवती डासांची पैदास कुठे होत होती, ती जागा कशी सापडली, कोणता उपाय टिकला आणि कोणता सोडून द्यावा लागला, हे कृपया सविस्तर लिहावे. स्वतः करून पाहिलेला उपाय अपुरा ठरला असला, तरी त्याची हकीकत इथे उपयोगाचीच आहे.

सुरुवात माझ्या अंगणापासून करतो. आमच्याकडे त्रास दिवसा होता. सकाळी झाडांना पाणी घालताना आणि पुन्हा सूर्यास्ताच्या आधी घोट्यांना व पोटऱ्यांना चावणारे, अंगाने काळे आणि पायांवर पांढरे पट्टे असलेले हे डास एडिस जातीचे होते. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारी हीच जात. तिला माणसाच्या वस्तीत साठलेले, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी लागते आणि जन्मल्या जागेपासून ती सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. तेव्हा दिवसा चावणारा डास बहुधा आपल्या किंवा शेजारच्या अंगणातच जन्मलेला असतो, हे गृहीत धरून मी फवारणीचा विचार बाजूला ठेवला आणि विजेरी घेऊन पाणी शोधू लागलो. कुंड्यांखालच्या ताटल्या अपेक्षितच होत्या. अपेक्षित नव्हत्या त्या जागा अशा : फ्रिजच्या मागचा पाणी साठणारा ट्रे, जळणावर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या, कुंपणाच्या कापलेल्या बांबूंची उघडी टोके, आणि पालापाचोळ्याने तुंबलेली छपराची पन्हळ. पन्हळीत तर अळ्या आणि कोष (अळी व डास यांमधली अवस्था) अक्षरशः वळवळत होते.

उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातला एक दिवस ठरवून सगळे पाणी रिकामे केले, तर ती साखळी प्रत्येक वेळी मधेच तुटते. मात्र नुसते ओतून भागत नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला ती चिकटवते. ही अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागताच फुटतात. म्हणून भांड्याच्या आतल्या कडा खरखरीत ब्रशने घासणे हा या उपायाचा गाभा आहे. ताटल्यांमध्ये मी आता वाळू भरली आहे, म्हणजे ओल राहते पण मोकळे पाणी राहत नाही. बांबूंची टोकेही वाळूने बुजवली. काही आठवड्यांत अंगणात निवांत बसता येऊ लागले. पूर्ण सुटका झाली असे म्हणणार नाही, कारण शेजारचे एक घर कायम बंद असते. अशा घराचे काय करावे, याबद्दल कोणाचा अनुभव असल्यास अवश्य लिहावे.

पाणी साठवावेच लागते तेव्हा

वरील अनुभव पटला, परंतु आमच्या घराला तो जसाच्या तसा लागू होत नाही. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे पिंपे आणि हौद भरून ठेवल्याशिवाय आमचे चालत नाही. दर आठवड्याला सगळे ओतून द्या, असे सांगणे अशा घरांवर अन्याय करणारे आहे. आम्ही पिंपांना झाकणाखाली बारीक विणीचे कापड ताणून लवचिक पट्ट्याने आवळून टाकले. नुसत्या झाकणाची कड कुठेतरी उचललेली राहतेच आणि डासाला तेवढी फट पुरते. पिंपे आळीपाळीने वापरतो, म्हणजे प्रत्येक पिंप आठवड्यातून एकदा तळापर्यंत रिकामे होऊन घासले जाते. गच्चीवरच्या टाकीचे झाकण घट्ट असूनही तिच्यात अळ्या दिसत. शेवटी लक्षात आले की जास्तीचे पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीचे तोंड उघडे होते. तिथे जाळी बसवल्यावर तो प्रश्न मिटला.

अंगणातल्या विहिरीत आम्ही गप्पी मासे सोडले आहेत. ते अळ्या आवडीने खातात, त्यांची वीणही भराभर वाढते आणि विहिरीसारख्या बंदिस्त पाण्यात हा उपाय वर्षानुवर्षे चालतो. एक कळकळीची विनंती : हे मासे ओढ्यात, तळ्यात किंवा नदीत सोडू नका. ते तिथल्या मूळच्या लहान माशांना आणि बेडकांच्या पिलांना जगू देत नाहीत, आणि एकदा पसरले की परत काढता येत नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर, जिथे एकही कुंडी नाही

आमच्याकडे अंगण नाही, कुंड्या नाहीत, आणि तरीही रात्री दिवा मालवला की कानाशी गुणगुण सुरू होत असे. हे क्युलेक्स डास. त्यांची मादी घाण पाण्यावर एकमेकांना चिकटलेल्या शे-दोनशे अंड्यांचा तराफा सोडते, आणि हे डास एडिसपेक्षा बरेच दूरवर, किलोमीटरभर किंवा त्याहूनही अधिक, उडू शकतात. त्यामुळे आम्ही दोष नेहमी दूरच्या नाल्याला देत आलो होतो. प्रत्यक्षात उगम इमारतीखालीच होता. सेप्टिक टँकची हवा बाहेर सोडणारा उभा पाइप वरच्या टोकाला उघडा होता आणि टाकीवरच्या एका झाकणाला तडा गेला होता. संध्याकाळी त्या तड्यावर पातळ कापड पसरून ठेवले, तर थोड्याच वेळात त्याला आतून डास लागलेले दिसत. पाइपाच्या तोंडाला न गंजणारी बारीक जाळी बांधली, झाकणाच्या कडा सिमेंटने बंद केल्या, आणि खालच्या मजल्यांना तर त्याच पंधरवड्यात फरक जाणवला. इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाने गच्चीवर जाऊन या पाइपाचे तोंड एकदा पाहावे, असे मला मनापासून वाटते. जाळीची एक अडचण आहे : तिच्यावर धूळ व कोळिष्टके साचतात, म्हणून ती अधूनमधून साफ करावी लागते, नाहीतर टाकीतला वायू अडून घरात दुर्गंधी येते.

कमळांचे कुंड आणि बाग

बाग असलेल्या माणसाला सगळे पाणी काढून टाकता येत नाही आणि काढूही नये, असे माझे मत आहे. माझ्या बागेत कमळांचे एक मोठे कुंड आहे. लहान पंपाने त्यातले पाणी हलते ठेवले आहे. पृष्ठभाग सतत हलत असेल तर मादी तिथे अंडी घालायचे टाळते आणि अळ्यांना श्वासासाठी वर येऊन टिकणे अवघड जाते. जिथे पंप पोहोचत नाही त्या लहान कुंडांत मी बीटीआय वापरते. हा एक जिवाणू आहे, बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटातील एका डबक्यात सापडलेला. अळीने तो गिळला की तिच्या अल्कधर्मी आतड्यात त्याचे विष मोकळे होते आणि बहुधा एक-दोन दिवसांत ती मरते. मासे, पक्षी, मधमाश्या आणि माणसे यांना त्यापासून अपाय होत नाही. परंतु तो पोटातूनच काम करतो, आणि डासांचे कोष काहीही खात नाहीत. त्यामुळे स्वल्पविरामासारखे वाकडे, गोलसर डोक्याचे कोष दिसू लागल्यावर बीटीआय टाकून त्या पिढीवर काहीच परिणाम होत नाही. तेव्हा पाणी ओतणे किंवा बारीक गाळणीने कोष काढून टाकणे हाच उपाय. ही माहिती पाकिटावर ठळक छापलेली नसते, म्हणून मुद्दाम लिहिले.

झाडांच्या ढोलीत पाणी साठत असेल तर तिच्यात वाळू भरावी. ज्यांच्या पानांच्या बेचक्यात पाणी राहते अशी शोभेची झाडे असतील, तर आठवड्यातून एकदा पाइपाच्या जोरदार धारेने ती बेचके धुऊन काढावीत. बागेत कीटकनाशक फवारायला माझा ठाम विरोध आहे. पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना अत्यंत घातक असतात, मधमाश्याही त्यांनी मरतात, आणि ज्यांची पिले पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात ते चतुर नावाचे कीटकही जातात.

यंत्रे, अगरबत्त्या आणि झाडे

माझ्या मुलाला दमा आहे, त्यामुळे धूर आमच्याकडे चालतच नाही. डास मारण्याची एक वर्तुळाकार अगरबत्ती (कॉइल) पूर्ण जळताना सूक्ष्म कणांचे जेवढे प्रदूषण होते ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असू शकते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले होते. हे वाचल्यावर बंद खोलीत ती लावण्याचे धाडस कोणी करू नये. त्यानंतर आम्ही अंगणात निळ्या प्रकाशाचे वीजयंत्र टांगले. रात्रभर त्याचा चटचट आवाज येई आणि खाली कीटकांचा खच पडे, पण त्यात डास शोधून काढावे लागत. अमेरिकेत अशा यंत्रांत मेलेल्या १३,७८९ कीटकांची मोजणी करून १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत चावणारे कीटक होते फक्त ३१. मादी डास माणसाचा माग काढते तो उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि शरीराची ऊब यांवरून. त्या प्रकाशाकडे ओढले जातात ते प्रामुख्याने निरुपद्रवी पतंग आणि भुंगेरे. कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीची यंत्रेही अशीच निरुपयोगी आहेत : २००७ साली त्यांच्या दहा क्षेत्रीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला आणि डास चावण्याचे प्रमाण कमी झाल्याचा कोणताही पुरावा मिळाला नाही. गवती चहासारखी सुवासिक झाडे नुसती कुंडीत लावून डास दूर राहत नाहीत, हेही आम्ही पाहिले.

आमच्या घरात खरोखर चालला तो साधा पंखा. डास फार अशक्त उडतो. शिवाय वाऱ्यामुळे आपल्या श्वासाचा आणि घामाचा माग विखुरला जातो. अंगणात बसताना पंख्याचा झोत पायांच्या उंचीवर ठेवावा.

तान्ह्या बाळासाठी

थोडक्यात लिहिते. दोन महिन्यांखालील बाळाच्या त्वचेला कोणतेही डासरोधक मलम लावू नये, आणि लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून बनवलेली औषधे तीन वर्षांखालील मुलांना वापरू नयेत, असे आमच्या डॉक्टरांनी बजावले होते. त्यामुळे आम्ही सर्व भर मच्छरदाणीवर दिला. ती घेताना दर चौरस इंचाला किमान १५६ छिद्रे असलेली घ्यावी, तिची कड गादीखाली खोचावी आणि दिवसाच्या झोपेलाही लावावी. बाळाचा हात जाळीला टेकत असेल तर डास बाहेरूनही चावतो, म्हणून पाळण्यापेक्षा मच्छरदाणी बरीच मोठी हवी.

आरोग्य खात्यातील नोकरीच्या अनुभवावरून

मी अनेक वर्षे घरोघरी जाऊन अळ्यांची तपासणी करण्याचे काम केले, आता निवृत्त आहे. लोकांची मागणी नेहमी धूरफवारणीची असते, कारण ती दिसते आणि तिचा आवाज येतो. तिने त्या वेळी हवेत असलेले डास मरतात. पाण्यातल्या अळ्यांना ती स्पर्शही करत नाही, आणि थोड्याच दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. साथ भडकली असताना संसर्गित डास लवकर मारण्यासाठी तिचा उपयोग आहे, एरवी फारसा नाही. १९०१ साली क्यूबातील हवाना शहरातून एडिसमुळेच पसरणारा पीतज्वर हटवला गेला, तेव्हा अमेरिकी सैन्यातील डॉक्टर विल्यम गॉर्गस यांच्या पथकांनी घरोघरचे पाणी तपासले, झाकायला लावले आणि जिथे झाकता येत नव्हते तिथे त्यावर तेलाचा थर दिला. तोच एडिस, आणि मुख्य काम आजही तेच आहे.

घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर एक गोष्ट बहुतेक कुटुंबांकडून राहून जाते. तापाच्या दिवसांत रुग्णाला चावलेला डास साधारण आठ ते बारा दिवसांनी रोग पसरवू लागतो आणि मरेपर्यंत पसरवत राहतो. म्हणून रुग्णाला भर दिवसा मच्छरदाणीत ठेवावे. ते घरातल्या बाकीच्यांच्या रक्षणासाठी असते.

बंद घराबद्दल धागा सुरू करणाऱ्यांनी विचारले आहे. माझा अनुभव असा की, शेजाऱ्याला तक्रार सांगितली तर तो दुखावतो. पण त्याच्याच आवारातले पाणी पांढऱ्या वाडग्यात घेऊन त्यातल्या अळ्या दाखवल्या, तर तो बहुधा स्वतःच झाडू उचलतो. मालक दूर राहत असेल तर त्याला छायाचित्र पाठवून आवारात शिरण्याची लेखी परवानगी मागावी. आम्हाला ती क्वचितच नाकारली गेली. अशा आवारात पहिल्यांदा जुने टायर पाहावेत : ते कसेही ठेवले तरी आत पाणी धरून ठेवतात, म्हणून ते हलवता येत नसतील तर खालच्या बाजूला भोके पाडावीत. परवानगी घराच्या आतलीही मिळाली, तर शौचालयाची टाकी आणि मोरीची जाळी विसरू नये, कारण वापरात नसलेल्या घरात एडिस तिथे निवांत वाढतो. आपणही बराच काळ बाहेरगावी जाणार असाल, तर कूलर रिकामा करून पुसून ठेवावा, कमोडचे झाकण बंद करून त्याची कड चिकटपट्टीने लावावी, फ्लशची टाकी रिकामी करावी आणि जमिनीवरच्या सांडपाण्याच्या जाळ्यांवर प्लास्टिक घालून वर वजन ठेवावे. परत आल्यावर या सगळ्या जागा वापरण्यापूर्वी घासून घ्याव्यात.