नाकाजवळचा तडा
मातीचा मुखवटा वाळताना नाकाजवळ तडकतो, याचं कारण बहुधा असमान जाडी. नाक आणि भुवया भरीव, गाल पातळ. पातळ भाग आधी वाळून आकसतो आणि ताण जोडावर येतो. त्यात खाली आधाराला प्लास्टरचं डोकं असेल तर माती आकसते, डोकं नाही. म्हणून माती चामड्याइतकी घट्ट झाली की मुखवटा उचलून नाक आतून कोरा, जाडी सगळीकडे 6 ते 8 मिमी ठेवा, प्लास्टिकखाली सावकाश वाळवा.

साचाच काढायचा असेल तर सरळ तेलाची माती घ्या, ती वाळतच नाही. फक्त गंधकवाली नको: तिच्यावर प्लॅटिनम सिलिकॉन (साचा करायचं एक रबर) घट्ट न होता चिकटच राहतं. डोळ्यांच्या कडा शेवटी कापा. आणि सममिती आरशात तपासा. सरळ बघताना नजर वाकडेपणाला सरावलेली असते.