चित्र काढा, पण आपल्या ताटाचं

वर एकांनी लिहिलंय की आहाराच्या पुस्तकात मजकूर नेमका असला की झालं, चित्रं म्हणजे पानं भरायचं काम. नाही पटलं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ मध्ये पिरॅमिड (अन्नगट दाखवणारा त्रिकोणी तक्ता) हटवून ताटाचं चित्र आणलं, ते उगाच नव्हे. पिरॅमिडवर कोण जेवतो? पण ते ताटाचं चित्र जसंच्या तसं मराठी पुस्तकात डकवलं की शेजारचा काटा-चमच्यातला काटाही येतो. आमच्या कोल्हापुरात काय, सगळीकडेच, ताटाला मुळातच मांडणी आहे: मीठ-लिंबू वर, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. चित्रकारानं डावीकडची चमचाभर कोशिंबीर वाटीभर काढावी, बास. परिच्छेदभर उपदेश टळला.

'नुसते फोटो टाका' म्हणणाऱ्यांनो, तांबड्या रश्श्याचा चमकता कट छापलात तर पथ्य राहील बाजूला, वाचक मटण आणायला निघेल. रेखाचित्रात वाटी उभी कापून दाखवता येते. वर तेलाचा तवंग किती, खाली रस्सा किती. मिठाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. ग्रॅम कुणाला दिसतात? सपाट भरलेला छोटा चमचा दिसतो. तो खऱ्या मापाचा छापा.

आणि हो, कागद. मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकाच्या बिनचकाकीच्या साध्या कागदावर, शाई मुरते, मेथी काळपट येते. स्क्रीनवरच्या हिरव्यावर जाऊ नका, प्रेसवाल्याकडून त्याच कागदावर प्रूफ, म्हणजे छापलेला नमुना, मागून घ्या.