प्रति: १८४०च्या जनगणनेत बायकोमुलं कुठे गेली?

तुमच्या पूर्वजाच्या बायकोमुलांची नावं १८४०च्या अमेरिकन जनगणनेत सापडत नाहीत, असं तुम्ही विचारलंत. कुठेही गेली नाहीत! १८५०च्या आधी अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीचे नुसते आकडे. १८५०पासून (गुलाम नसलेल्या) प्रत्येकाचं नाव, वय आणि जन्मराज्य मिळतं. मोठा मुलगा ओहायोचा, मधली मिसुरीची, धाकटं ओरेगॉनचं, असं दिसलं की कुटुंब पश्चिमेकडे ज्या वाटेने गेलं तो बैलगाडीचा रस्ताच हाती लागला समजा. मी तरी आधी मुलांचे जन्म बघतो.

कुटुंब ओरेगॉनला १८५०च्या डिसेंबरआधी पोचलं असेल, तर सरकारकडून मोफत मिळणाऱ्या जमिनीच्या दाव्याची कागदपत्रं नक्की काढा. जोडप्याला ६४० एकर मिळत, त्यातली निम्मी बायकोच्या नावावर. म्हणून लग्नाची तारीख आणि ठिकाणही त्यात नोंदलेलं असतं. (जमिनीसाठी घाईघाईत लग्नंही उरकली लोकांनी!) १८९०च्या जनगणनेवर मात्र विसंबू नका, १९२१च्या आगीनंतर तिचं जवळजवळ काही उरलं नाही.