सल्ला हवा: साताऱ्यात राहून गोल्फचा नियमित सराव कसा करावा?

गोडोलीकर
नमस्कार मंडळी. पुण्यात नोकरीला असताना गोल्फची गोडी लागली. आता बदली होऊन साताऱ्यात आलोय. अठरा होलचा कोर्स म्हटला की येरवडा नाहीतर बावधन, म्हणजे हायवेने शंभरेक किलोमीटर. महिन्यातून एखादा रविवार जमतो. शंभर फटक्यांच्या आत राउंड संपवायचाय, पण ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) मारला की बॉल उजवीकडे वळून झाडीत जातो. घराला गच्ची आहे, कोरेगावच्या बाजूला चुलत्यांचं शेत आहे आणि रोज अर्धा-पाऊण तास नक्की देऊ शकतो. फटके अडवायला मोठं नेट घ्यावं म्हणतोय. कोणतं घेऊ?

कृष्णाकाठ
नेटच्या आधी पटिंग मॅट घ्या, म्हणजे पटच्या (बॉल घरंगळवत होलात घालायच्या फटक्याच्या) सरावाची चटई. पार ७२ च्या, म्हणजे ७२ फटक्यांत संपावा अशा कोर्सवर प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात. म्हणजे ७२ पैकी ३६ फटके ग्रीनवरचे (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचे), आणि त्यांच्यासाठी पुण्याला जावं लागत नाही. फरशीवर मात्र करू नका, बॉल नुसता घसरत जातो आणि जोराचा अंदाज बिघडतो. मॅट नसेल तर दाट विणीची सतरंजी चालेल.

पटरचं (पट मारायच्या क्लबचं) डोकं जेमतेम जाईल एवढी जागा सोडून दोन काडेपेट्या उभ्या करायच्या. पटर वाकडा आला की पेटी पडते, चूक सांगायला दुसरं कुणी लागत नाही. समोर स्टीलचा पेला आडवा ठेवा. खरं होल १०८ मिलिमीटर व्यासाचं असतं, पेल्याचं तोंड त्याहून बरंच लहान. तीन-चार फुटांवरून पेल्यात बॉल जायला लागले की कोर्सवर हात थरथरत नाही. रोज दहा मिनिटं, पण रोज. रविवारी दोन तास घासून बाकी आठवडा पटर कोपऱ्यात उभा, याने काही साधत नाही.

शेतावर वेज (जवळच्या, उंच फटक्याचा क्लब) घेऊन जा. सपाट, गवताळ तुकडा बघा, घमेलं ठेवा आणि दहा-पंधरा पावलांवरून चिप करा, म्हणजे बॉल हलकेच उचलून त्यात टाका. बॉलच्या मागे चार-पाच इंचांवर टॉवेलची घडी ठेवा. आयर्न (मधल्या पल्ल्याचे क्लब) आणि वेजने आधी बॉल, मग जमीन लागली पाहिजे. क्लब आधी जमिनीत घुसत असेल तर टॉवेलच उचलला जाईल. शंभरच्या पुढे जाणाऱ्यांचे फटके वाया जातात ते बहुतेक इथे, ग्रीनच्या कडेला. ड्रायव्हरचं दुःख दिसतं जास्त, एवढंच.

उजवीकडे वळण्याबद्दल: बॉलला लागताना क्लबचं तोंड स्विंगच्या दिशेपेक्षा उघडं राहतं, म्हणून तो वळतो. तुम्ही क्रिकेट खेळलायत का?

गोडोलीकर
हो, कॉलेजात बराच काळ. उजव्या हाताने बॅटिंग.

कृष्णाकाठ
मग बॅट धरायची सवय इथेही आली असेल. आधी ग्रिप, म्हणजे क्लबची पकड तपासा. उभं राहून खाली बघितल्यावर डाव्या हाताच्या निदान दोन बोटांची पेरं, म्हणजे मुठीवरचे उंचवटे, दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल तर हात थोडा उजवीकडे फिरवून धरा. पहिले काही दिवस फार अवघड वाटेल, तरी सोडू नका. शिवाय बॉलवर व्हाइटबोर्ड मार्करचा ठिपका काढा आणि ती बाजू क्लबकडे करून मारा. क्लबच्या तोंडावर ठसा उमटतो, फटका मध्यावर बसला की टोकाला ते लगेच कळतं.

माहुलीची_आई
गोल्फ खेळत नाही, पण माझी मुलगी तिरंदाजी शिकते म्हणून लिहिते. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, तेव्हापासून आमच्या घरी दुसरा विषय नाही. मुलीच्या सरावात एक भाग असा असतो की लक्ष्याचा कागद काढून टाकायचा आणि अगदी जवळून नुसते बाण सोडायचे. बाण कुठे लागला ते बघायचंच नाही, खांदा आणि बोटं सुटण्याकडे लक्ष. तुमचं नेट त्यासाठी उत्तम आहे. बॉल कुठे गेला हे दिसत नाही, हाच त्याचा फायदा समजा.

सदरबझार
वरच्या दोघांशी सहमत, एक भर घालतो. सगळे बॉल एकाच क्लबने मारत बसू नका. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचालींवर प्रयोग केला होता. एकच हालचाल सलग घोटणारे सरावात पुढे होते, पण दहा दिवसांनी चाचणी घेतली तेव्हा अदलाबदल करत शिकलेले वरचढ ठरले. नवी ग्रिप बसेपर्यंत सलग मारा, मग बदलत राहा: एक सात नंबर आयर्न, एक वेज, एक ड्रायव्हर. कोर्सवर तरी एकच फटका लागोपाठ दोनदा कुठे मारायला मिळतो?

आणि कृपा करून स्टेडियमच्या मैदानावर खरा बॉल मारू नका. सकाळी तिथे लहान मुलं आणि चालायला येणारे ज्येष्ठ असतात. बॉल जवळपास ४६ ग्रॅमचा आणि दगडासारखा कडक आहे.

गोडोलीकर
मनापासून आभार. मॅट आजच मागवतो. गच्चीवर नेट लावलं तर खरा बॉल चालेल का? आणि शिक्षक?

कृष्णाकाठ
गच्चीवर फोमचेच बॉल वापरा. एखादा फटका नेटच्या वरून गेला तर शेजारच्यांच्या काचा, नाहीतर डोकं. खरा बॉल शेतावर, तोही नेटमध्ये. नेट ताणून बांधू नका, सैल सोडा आणि मागे जाड गोणपाट टांगा, म्हणजे बॉल उलटा येत नाही. शिक्षकासाठी पुण्याच्या फेरीला जोडून महिन्याला एक तास पुरे. जाण्याआधी समोरून आणि मागून स्विंगचा व्हिडिओ काढून न्या, आणि पुढच्या महिन्यासाठी एकच दुरुस्ती मागून घ्या.