स्वतः पुस्तक छापणाऱ्या फँटसीकारांना 'हौशी' म्हणणाऱ्यांना उत्तर

निळी_शाई

काल 'अक्षरजुळणी' यांनी लिहिलं की स्वतःची फँटसी स्वतःच छापणारे लोक म्हणजे नकाशे रंगवत बसलेली मुलं. प्रकाशकाने नाकारलं की किंडलवर चढवायचं, संपादकाचा हात लागू द्यायचा नाही आणि वर्षाला तीन भाग पाडायचे. तिथेच उत्तर द्यायला बसले, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

माझ्या पहिल्या कादंबरीला सहा वर्षं लागली. सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीत नोकरी करते. पहाटे साडेचार ते साडेसहा लिहायचं, मग डबे, मग बस. पहिला खर्डा एक लाख चाळीस हजार शब्दांचा होता, त्यातले पन्नास हजार मीच कापले.

नकाशाचं म्हणाल, तर तो हौसेने नाही काढलेला. माझ्या गोष्टीत मिठाचा तांडा एका रात्रीत घाट चढून जायचा. मनाला पटेना. शेवटी पाठीवर बारा किलो घेऊन वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढले. वर त्या दगडी रांजणापाशी बसले तेव्हा अडीच तास झाले होते आणि पाय थरथरत होते. लादलेले बैल, अंधार, ओला दगड, हे सगळं धरलं तर एका रात्रीत तांडा वर पोचणं मला शक्य वाटेना. घरी येऊन चार प्रकरणं मोडली.

माझ्या जगात पाऊस मागून आणता येतो, पण तेवढा दुसऱ्या गावाचा कमी होतो. कुठल्या गावाचं कुणाकडे किती पावसाचं देणं, याची वेगळी वही आहे. अठराव्या प्रकरणात भांडण लागतं ते त्या वहीतल्या बाकीमुळेच.

प्रकाशकाकडेही दिलं होतं. चौदा महिने हो नाही, नाही नाही. शेवटी मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, तीनशे प्रतींची छपाई मिळून 68,000 रुपये घातले. ही कुणाला पळवाट वाटत असेल तर त्याने एकदा या वाटेने चालून बघावं.

अक्षरजुळणी

बाई, तुमच्या कष्टांबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो. बावीस वर्षं मुद्रितं तपासतोय, कष्टाळू लेखक पुष्कळ पाहिले. वाचक पैसे मोजतो ते पुस्तकाचे, तुमच्या पहाटेचे नाहीत. यंदा स्वतः छापलेल्या अकरा मराठी कादंबऱ्या विकत घेऊन वाचल्या. सात ठिकाणी नायिकेचं वय मध्येच बदलतं. दोन ठिकाणी मेलेला सेनापती पुढच्या लढाईत हजर. 'पाणी' आणि 'पाणि' यांतला फरक सांगायला कुणी नव्हतं.

आता कुणीतरी 'मेलुहा'वाल्या अमीश त्रिपाठींचं नाव काढेल, म्हणून आधीच सांगतो. वीसेक प्रकाशकांनी नाकारल्यावर 2010 साली एजंटाच्या मदतीने छापलं, पहिलं प्रकरण दुकानांतून फुकट वाटलं, सगळं खरं. पण पुढे पुस्तक प्रकाशकाकडेच गेलं ना?

बोरीबंदर

अमेरिकन फँटसीकार ब्रँडन सँडरसनचं काय मग? मार्च 2022 मध्ये चार कादंबऱ्या थेट वाचकांना विकायला काढल्या आणि 4 कोटी 17 लाख डॉलर जमले. प्रकाशक कुठे होता तिथे?

अक्षरजुळणी

त्याच्याकडे स्वतःची कंपनी आहे, पगारी संपादक आहेत. आणि हॉटेलात रात्रपाळी करत लिहायचा तेव्हाची गोष्ट सोडलीत. पहिली विकली गेली ती त्याची सहावी कादंबरी आणि तेव्हा तो तेरावी लिहीत होता. आधीच्या त्याने वाचकांच्या गळ्यात मारल्या नाहीत. माझं म्हणणं तेवढंच आहे.

बोरीबंदर

मग फँटसीकार मार्क लॉरेन्सने 2015 मध्ये सुरू केलेली स्पर्धा बघा. स्वतः छापलेल्या तीनशे फँटसी, दहा परीक्षक, प्रत्येकाने तीस वाचून एक पुढे पाठवायची. त्यातल्या काही पुढे मोठ्या प्रकाशकांनी उचलल्या. चाळणी लावायला प्रकाशकच लागतो असं नाही, वाचणारा लागतो. मराठीत असे दहा वाचणारे आणा, मग बोलू.

निळी_शाई

दहा नकोत, तीन पुरतील. किंडलचंही लोकांना वाटतं तसं सोपं नाही. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के मानधन हवं तर ई-बुक 90 दिवस फक्त ॲमेझॉनकडेच ठेवा, नाहीतर 35 वर समाधान माना. पण ते असो.

कातळसडा

मी ही कादंबरी विकत घेऊन वाचलीय, म्हणून बोलायचा हक्क आहे. संपादक, प्रकाशक तुमचं तुम्ही बघा. मला चौदाव्या प्रकरणाबद्दल विचारायचंय. त्यात देवचार पोरांना विहिरीत ओढून नेतो. तेका व्हिलन करूक कोणी सांगल्यान तुमका?

देवचार आमचा राखणदार आहे. माझे वडील दहा वर्षांचे असताना जत्रेहून परतताना चुकले. अमावस्या होती. पुढे कुणाच्यातरी काठीचा आवाज येत राहिला आणि त्या आवाजामागून ते घरच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत आले. तिथे कुणी नव्हतं. आजीने दुसऱ्या दिवशी रोट ठेवला. आजही रात्री काठी वाजली असं वाटलं की आईला धीर येतो. आरवलीला ग्रामदेव वेतोबाच्या पायाशी ते भलेमोठे चामड्याचे जोडे लोक का ठेवतात? तो रात्रभर गावाभोवती फिरतो, त्याचे झिजतात, म्हणून. त्याच मातीतला आमचा देवचार, आणि तुम्ही त्याच्या हातून पोरं मारवलीत.

पाणंद

कल्पित आहे हो. कल्पितात काहीही चालतं. उद्या मुंज्याची पिंपळावरून बदली केली म्हणूनही भांडाल.

कातळसडा

काहीही चालत असेल तर नावही कल्पित घ्या! नाव आमच्या गावातलं उचलायचं, त्याचा दरारा फुकट वापरायचा आणि स्वभाव मात्र स्वतःच्या सोयीचा लावायचा. तुमच्या घरच्या देव्हाऱ्यातल्या देवाला असं करून बघा आणि मग आम्हाला कल्पित शिकवा.

निळी_शाई

जरा थांबा. मी घाटावरची. लहानपणापासून कोकणातल्या भुतांच्या याद्या वाचत आले त्यांत खवीस, मुंज्या, गिऱ्हा, देवचार एका ओळीत असतात. मी तिथूनच घेतलं. प्रत्येक गावाची परवानगी घेऊन लिहायचं म्हटलं तर फँटसी सोडा, साधी गोष्टही लिहिता येणार नाही. परदेशी ड्रॅगन आणला तर 'आपल्या मातीतलं लिहा' म्हणता, मातीतलं घेतलं तर 'आमचं कशाला घेतलं'. आम्ही जायचं कुठे?

कातळसडा

परवानगी कुणी मागितली? तुम्ही नाणेघाट चढलात ना, बैलाला किती वेळ लागतो ते बघायला? मग देवचारासाठी एक एसटी पकडून वेंगुर्ल्याला का नाही आलात? बैलाची खात्री केलीत, आमच्या राखणदाराची नाही केलीत. याचा राग आहे.

अक्षरजुळणी

मी सकाळपासून दुसरं काय म्हणतोय? पुस्तक एका बाहेरच्या माणसाच्या हाताखालून गेलं असतं तर हे आधीच विचारलं गेलं असतं. संपादक हवा तो यासाठी.

निळी_शाई

कुठला संपादक? शहरात बसून ऱ्हस्व-दीर्घ बघणाऱ्याला देवचार माहीत असता?

कातळसडा

नसता. एवढ्यापुरता मी बाईंच्या बाजूने आहे. आमचं देवापुढचं गाऱ्हाणं, ते 'होय म्हाराजा'सकट, एका दिवाळी अंकातल्या कथेत दुष्ट मांत्रिकाच्या तोंडी घातलेलं मी वाचलंय. त्या अंकाला संपादक होते, श्रेयनामावलीत दोघांची नावं होती. मी पत्र लिहिलं, उत्तर नाही. इथे निदान लिहिणारी बाई समोर उभी राहून भांडतेय.

अक्षरजुळणी

ते मान्य करावं लागेल. सगळे संपादक सगळं जाणत नाहीत. पण जाणणाऱ्याला विचारून येणं हे संपादकाचं काम आहे, आणि ते न करणारे आहेत हेही मला ठाऊक आहे.

आणि एक. वादासाठी का होईना, रात्री तुमचं पुस्तक उतरवून घेतलं. उसन्या पावसाचा भाग चांगला आहे. ती म्हातारी कोरड्या तळ्यावर येऊन शेजारच्या गावाचं देणं तोंडी मोजते, तिथे मी थांबून पुन्हा वाचलं. 'नकाशे रंगवणारी मुलं' हे शब्द तुमच्यापुरते मागे घेतो, बाकी अकरा जणांबद्दल कायम आहेत. पण बाविसाव्या प्रकरणात बैल दरीत पडून मरतो आणि तेविसाव्यात घाट चढतोय.

निळी_शाई

बैल दोन आहेत. पडला तो पवळ्या.

अक्षरजुळणी

मग तिथे 'पवळ्या' लिहा. तुम्ही नुसतं 'बैल' लिहिलंय. तुमच्या वहीत दोन असतील, पानावर एकच आहे.

निळी_शाई

आत्ता काढून बघितलं. बरोबर आहे तुमचं. अकरा वेळा वाचलंय मी ते प्रकरण आणि दर वेळी मला दोन बैल दिसले, कारण मला ते माहीत होते.

कातळसडा, तुमचं वाचून काल झोप लागली नाही. आधी वाटलं, जाऊ दे, तीनशे प्रतींचं पुस्तक, कोण बघतंय. पण वडिलांची गोष्ट डोक्यातून जाईना. पोरं ओढून नेणारं माझ्या गोष्टीत हवंच आहे, ते काढत नाही. त्याचं नाव बदलते. ई-बुकातलं चौदावं प्रकरण या आठवड्यात दुरुस्त करून चढवेन. कागदी प्रती 112 उरल्यात, त्यांत चिठ्ठी घालेन. दुसऱ्या भागात रात्रीच्या वाटेवर काठीचा आवाज आणायचाय, राखणदार म्हणूनच. लिहून झालं की छापायच्या आधी तुम्हाला पाठवू का?

कातळसडा

पाठवा. मी आईला वाचून दाखवीन. तिने नको म्हटलं तर नको, मग माझ्याशी वाद घालायचा नाही. आणि अमावस्येला कंदील लिहू नका, आमच्याकडे कुणी कंदील पाहिलेला नाही. आवाज तेवढा ऐकलाय.